मालवाहू विमानावरील तोफ आणि ओझरचा प्रश्न

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला समारंभपूर्वक निरोप दिला आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर रोजी, ओझरच्या धावपट्टीवरून तेजस मार्क-१ ए या विमानाने उड्डाण केले. नाशिककरांच्या दृष्टीने या दोन घटना परस्परांशी जोडलेल्या आहेत. ज्या मिगला निरोप मिळाला, त्याचा सांगाडा बांधण्यासाठीच ओझरचा कारखाना उभा राहिला होता. जे तेजस आकाशात गेले, त्याचा आराखडा मात्र याच देशातील अभियंत्यांनी केलेला आहे. परक्याच्या आराखड्यापासून स्वतःच्या आराखड्यापर्यंतचा हा प्रवास साठ वर्षांचा आहे. अभिनंदनाचा भर ओसरल्यावर एक प्रश्न मात्र शिल्लक राहतो. हाती आलेल्या यंत्रात फेरफार करून वेळ निभावून नेण्याची कला आपल्याला चांगली साधते. पण त्या फेरफारातून मिळालेला धडा नव्या आराखड्यात उतरविण्यास आपल्याला इतका विलंब का लागतो?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एका विलक्षण शस्त्राचा इतिहास उपयोगी पडेल. ते शस्त्र म्हणजे मालवाहू विमानापासून तयार झालेली गनशिप. कोणीही शस्त्र म्हणून न आखलेले विमान युद्धात शस्त्र कसे बनते, त्याचे सामर्थ्य कशात असते आणि त्याची मर्यादा कोठे येते, हे या एका उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्य उदाहरणावरून होईल.

दोरीला बांधलेली बादली

लढाऊ विमानाच्या तोफा समोर रोखलेल्या असतात. जमिनीवरील लक्ष्यावर मारा करावयाचा तर वैमानिकाला विमान लक्ष्याच्या दिशेने खाली झुकवावे लागते, काही क्षण गोळीबार करावा लागतो आणि मग वर उचलून, वळसा घेऊन पुन्हा यावे लागते. रात्रीच्या अंधारात एखाद्या खेड्यातील ठाण्यावर हल्ला झाला असेल, तर अशा धावत्या माऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. विमान गेले की हल्लेखोर पुन्हा पुढे सरकतात.

यावरचा उपाय भूमितीत होता. विमान डाव्या अंगावर कलते ठेवून एकाच ठिकाणाभोवती वर्तुळात फिरत राहिले, तर त्या वर्तुळाचा मध्यबिंदू वैमानिकाच्या डाव्या खिडकीतून सतत एकाच जागी दिसत राहतो. इक्वेडोरच्या अरण्यात काम करणारे नेट सेंट नावाचे मिशनरी वैमानिक १९५० च्या दशकात याच तत्त्वाचा उपयोग करीत. घिरट्या घालणाऱ्या विमानातून लांब दोरीला बांधलेली बादली ते खाली सोडत; ती जवळजवळ स्थिर राही आणि खालची माणसे तीत वस्तू ठेवू शकत अथवा तीतून काढून घेऊ शकत. दोरीच्या जागी गोळ्यांची रेषा कल्पिली की गनशिपची कल्पना पूर्ण होते. बंदुका विमानाच्या डाव्या बाजूला पक्क्या बसवावयाच्या आणि विमान फिरत ठेवावयाचे. मारा मध्यबिंदूवर होत राहतो.

ही कल्पना तशी जुनी होती. १९२० च्या दशकातच अमेरिकेत एका अधिकाऱ्याने बाजूला बंदूक बसवून तिचा प्रयोग केला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गिलमूर मॅक्डोनाल्ड यांनी पाणबुड्यांविरुद्ध ती सुचविली होती. दोन्ही वेळा ती कागदपत्रांत पडून राहिली. १९६४ साली कॅप्टन रॉन टेरी यांनी ती उचलून धरली, फ्लॉरिडात तिच्या चाचण्या झाल्या आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दक्षिण व्हिएतनाममध्ये पहिली गनशिप प्रत्यक्ष लढाईत उतरली.

यासाठी जे विमान निवडण्यात आले ते सी-४७, म्हणजेच आपल्याकडील जुन्या पिढीला सुपरिचित असलेले डाकोटा. ही निवड नाइलाजाची असली तरी अचूक होती. डाकोटा जुने होते, म्हणून स्वस्तात उपलब्ध होते. ते संथ होते, म्हणून घट्ट वर्तुळात तासन् तास फिरू शकत होते. त्याच्या पोटात भरपूर जागा होती. तीत गोळ्यांच्या पेट्या, अंधार उजळणाऱ्या ज्योती आणि त्या हाताळणारी माणसे सहज मावत. मिनिटाला सहा हजारांपर्यंत गोळ्या झाडू शकणाऱ्या तीन मिनीगन त्याच्या डाव्या बाजूला बसविण्यात आल्या. ज्या विमानाने आयुष्यभर पोती, खोकी आणि उतारू वाहिले, ते एका रात्रीत भयंकर झाले.

पुढची पायरी ओघानेच आली. १९६७ साली चार इंजिनांच्या सी-१३० हर्क्युलिस या मालवाहू विमानावर हाच प्रयोग झाला. त्यावर प्रथम २० मिलिमीटरच्या, मग ४० मिलिमीटरच्या आणि १९७२ साली चक्क १०५ मिलिमीटरची तोफ चढविण्यात आली. देवळालीच्या तोफखान्याशी पिढ्यान् पिढ्या संबंध असलेल्या नाशिककरांना १०५ मिलिमीटर म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. जी तोफ गाडीला जोडून माळावर ओढत न्यावी लागते, ती आता ढगांमधून मारा करू लागली.

आकाश मोकळे असेल तरच

येथवरची कथा कल्पकतेच्या विजयाची आहे. परंतु ती येथे संपत नाही. ज्या गुणांमुळे मालवाहू विमान गनशिप म्हणून उपयुक्त ठरले, तेच गुण त्याच्या मुळावर उठणारे होते. जे विमान संथ आहे, मोठे आहे आणि एकाच वर्तुळात फिरत राहते, ते खालून नेम धरणाऱ्यालाही सोयीचे असते. प्रतिपक्षाच्या हाती केवळ रायफली होत्या तोवर गनशिप निर्धास्त होती. १९७२ साली व्हिएतनाममध्ये खांद्यावरून डागावयाची क्षेपणास्त्रे आली आणि चित्र पालटले. त्या युद्धात अमेरिकेने सहा हर्क्युलिस गनशिप गमावल्या. ३१ जानेवारी १९९१ रोजी आखाती युद्धात खाफजीच्या लढाईत एक गनशिप खालच्या सैनिकांच्या मदतीसाठी उजाडेपर्यंत थांबली. उजेडात ती क्षेपणास्त्राच्या टप्प्यात सापडली आणि तिच्यातील सर्व चौदा जण मृत्युमुखी पडले.

तात्पर्य असे की, गनशिप हे ज्याच्याजवळ प्रत्युत्तराचे साधन नाही अशा शत्रूविरुद्धचेच शस्त्र आहे. आकाश मोकळे असेल तेथे ती निर्णायक ठरते. नसेल तेथे ती केवळ सावकाश चालणारे लक्ष्य असते. युद्धशास्त्राच्या दृष्टीने ही मर्यादा झाली. नीतीच्या दृष्टीने तिला आणखी एक बाजू आहे. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानातील कुंदुझ शहरात अमेरिकी गनशिपने ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या रुग्णालयावर मारा केला. त्यात बेचाळीस माणसे मरण पावली. रुग्ण, त्यांचे नातलग, डॉक्टर आणि परिचारक. तोफेचा नेम चुकला नव्हता, नेम कशावर धरावयाचा हे ठरविण्यात चूक झाली होती. जवळच्याच दुसऱ्या एका इमारतीऐवजी रुग्णालय लक्ष्य मानले गेले, अशी कबुली पुढे अमेरिकी सेनाधिकाऱ्यांनीच दिली. यंत्राची अचूकता माणसाच्या माहितीपेक्षा अधिक अचूक असू शकत नाही, हा त्या रात्रीचा धडा आहे.

तो धडा आपल्यालाही लागू आहे. २०१० साली नक्षलवाद्यांविरुद्ध हवाई दलाचा वापर करावा अशी मागणी जोर धरीत असताना तत्कालीन हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक यांनी आपण त्यास अनुकूल नाही असे जाहीरपणे सांगितले होते. सेनादलांचे प्रशिक्षण मर्यादित संहारासाठी नसते, हे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. एका मराठी सेनानीने दाखविलेला हा विवेक गडचिरोलीच्या जंगलालगत राहणाऱ्या सामान्य आदिवासी माणसाच्या दृष्टीने किती मोलाचा होता, हे कुंदुझचे उदाहरण समोर ठेवले म्हणजे कळते.

आपल्याकडील तीन प्रसंग

मालवाहू विमानाला शस्त्र बनविण्याचे प्रयोग आपल्या देशातही झाले आहेत आणि तेही अमेरिकेच्या आधी. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात हवाई दलापाशी खऱ्या अर्थाने बाँबफेकी विमाने नव्हती. डाकोटा मात्र होती. एअर कमोडोर मेहर सिंग यांच्या नेतृत्वाखालील वैमानिकांनी पूंछला आणि लेहला सैन्य व रसद पोहोचविण्याचे जे अपूर्व कार्य केले, ते सर्वश्रुत आहे. त्याच डाकोटांच्या दारातून हातांनी बाँब ढकलून देण्याचेही काम त्या वेळी करण्यात आले, हे तितकेसे सर्वश्रुत नाही. जवळ जे आहे त्यानेच लढावयाचे, एवढाच त्यामागील विचार होता.

दुसरा प्रसंग १९७१ चा. त्या वेळी ४४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे आंतोनोव्ह-१२ ही चार इंजिनांची सोव्हिएत मालवाहू विमाने होती. त्यांच्या मागील दारातून बाँबचे ढीग घरंगळत बाहेर पडतील अशी व्यवस्था करण्यात आली. ३ डिसेंबरच्या रात्री विंग कमांडर विद्याभूषण वसिष्ठ यांच्या नेतृत्वाखाली ही विमाने सीमा ओलांडून लाहोरच्या दक्षिणेकडील चांगा मांगा अरण्यातील दारूगोळ्याच्या साठ्यावर गेली. पुढे हाजी पीर भागातील तोफखान्यावर आणि स्कार्दूच्या धावपट्टीवरही त्यांनी बाँबफेक केली. स्वसंरक्षणाची साधने बेताची असलेली ही अवजड विमाने शत्रूच्या प्रदेशात जाऊन सुखरूप परत आली. वसिष्ठ यांना महावीर चक्र देऊन राष्ट्राने या साहसाचा गौरव केला.

तिसरा प्रसंग त्याच युद्धाच्या पूर्व आघाडीवरचा. सप्टेंबर १९७१ मध्ये नागालँडमधील दिमापूर येथे बांगलादेशाच्या मुक्तियोद्ध्यांचे छोटे हवाई पथक उभे राहिले. ‘किलो फ्लाइट’ हे त्याचे नाव. त्याच्याजवळ एक डाकोटा, एक ऑटर विमान आणि एक ॲल्युएट हेलिकॉप्टर, एवढीच सामग्री. भारतीय तंत्रज्ञांनी ऑटर आणि हेलिकॉप्टर यांच्यावर अग्निबाण बसवून दिले. युद्धाच्या प्रारंभीच या दोन यंत्रांनी नारायणगंज आणि चितगाव येथील तेलसाठे पेटविले. डाकोटा मात्र हल्ल्यासाठी वापरण्यात आले नाही. त्याच्याकडे वाहतुकीचेच काम राहिले.

या तीनही प्रसंगांत धैर्य आहे, कल्पकता आहे आणि कार्यशाळेतील अनामिक हातांचे कौशल्य आहे. त्यांचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अभिमानाच्या भरात एक गोष्ट नजरेआड होते. शत्रूचे आकाश पुरेसे सावध नव्हते, रात्रीचा काळोख सोबतीला होता, म्हणून हे प्रयोग निभावले. प्रत्येक वेळी निभावतेच असे नाही.

तोलोलिंगची किंमत

निभावले नाही तो दिवस होता २८ मे १९९९. कारगिलच्या शिखरांवर ठाण मांडून बसलेल्या शत्रूवर मारा करण्यासाठी हवाई दलाने एमआय-१७ या जातीची हेलिकॉप्टरे अग्निबाण बसवून पाठविली. एमआय-१७ हे मूलतः माणसे आणि सामान वाहणारे यंत्र. त्या उंचीवरील विरळ हवेत आपल्याजवळील खरी लढाऊ हेलिकॉप्टरे काम करू शकत नव्हती, म्हणून मालवाहू हेलिकॉप्टरांना ते करावे लागले. तोलोलिंग परिसरात चार हेलिकॉप्टरांच्या तुकडीपैकी एक खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राला बळी पडले. क्षेपणास्त्राला चकविणाऱ्या उष्ण ज्योती सोडण्याची यंत्रणा नेमकी त्याच हेलिकॉप्टरवर नव्हती. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट मुहिलन, सार्जंट प्रसाद आणि सार्जंट साहू हे चौघे धारातीर्थी पडले. त्यानंतर एमआय-१७ ला या कामातून मागे घेण्यात आले.

व्हिएतनामच्या अनुभवाने १९७२ सालीच जगाला जे दाखवून दिले होते, ते आपल्याला १९९९ साली चार जीव देऊन पुन्हा शिकावे लागले. आणि तो धडा शिकल्यानंतरही पुढे काय झाले? उंच पर्वतात लढू शकणारे, त्याच कामासाठी आखलेले हलके लढाऊ हेलिकॉप्टर हवे, हे कारगिलनंतर स्पष्ट झाले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ‘ध्रुव’ या बहुउपयोगी हेलिकॉप्टरचा पाया घेऊन ते तयार झाले. त्याचे पहिले उड्डाण २०१० मध्ये झाले आणि ३ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘प्रचंड’ या नावाने ते हवाई दलात दाखल झाले. तोलोलिंग ते प्रचंड हे अंतर तेवीस वर्षांचे आहे. यंत्र उत्तम झाले याबद्दल अभियंत्यांचे कौतुक करावयालाच हवे. पण या तेवीस वर्षांत पुन्हा एखादे कारगिल घडले असते, तर पुन्हा एखाद्या मालवाहू हेलिकॉप्टरलाच अग्निबाण बांधून पाठवावे लागले नसते काय? नाशिकरोडच्या गांधीनगर तळावर शिकून बाहेर पडणाऱ्या भूदलाच्या वैमानिकांच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकी नाही.

ओझरने काय मागावे

आता मूळ मुद्द्याकडे वळू. १९६२ च्या पराभवानंतर संरक्षणमंत्रिपदी आलेले यशवंतराव चव्हाण १९६३ साली नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. मिगच्या उत्पादनाची योजना आखली गेली तेव्हा इंजिने कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा ओझरला, अशी कामाची वाटणी झाली. माळरानावर कारखाना आला, वसाहत आली, शाळा आल्या. ओझर, पिंपळगाव आणि निफाड परिसरातील हजारो घरांचा संसार त्यावर उभा राहिला. मिग-२१ नंतर मिग-२७ आणि पुढे सुखोई-३० यांचे काम येथे झाले. हे सर्व परवान्याखालचे काम होते. आराखडा परक्याचा, बांधणी आपली.

असे असूनही ओझरच्या हातांना केवळ जुळणीच येते असे म्हणणे अन्यायाचे होईल. सुमारे अडीच टन वजनाचे ब्राह्मोस क्षेपणास्त्र सुखोईच्या पोटाखाली बसविण्यासाठी विमानाच्या सांगाड्यात आणि विद्युतरचनेत जे फेरफार करावे लागले, ते ओझरलाच झाले. क्षेपणास्त्रासह पहिले उड्डाण २५ जून २०१६ रोजी येथूनच झाले आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर त्याची यशस्वी चाचणी घेण्यात आली. विमानांच्या सुधारणेसाठी संशोधन आणि आराखडा करणारे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे केंद्रही नाशिकला आहे. हवाई दलाचा दुरुस्ती डेपोही ओझरलाच आहे. म्हणजे यंत्र उघडून त्याच्या मर्यादा जाणणारी, त्यात बदल करणारी आणि बदल उडवून पाहणारी माणसे एकाच परिसरात आहेत. ही संपत्ती लहान नाही.

या संपत्तीचा उपयोग कसा व्हावा? पहिली गोष्ट, युद्धकाळात अथवा निकडीच्या वेळी होणाऱ्या प्रत्येक फेरफाराची रीतसर नोंद झाली पाहिजे आणि शांतता प्रस्थापित होताच तीवर विचार झाला पाहिजे. बाजूने मारा करण्याची कल्पना अमेरिकेत जवळजवळ चाळीस वर्षे कागदांत पडून होती. आपल्याकडे तर अशा कल्पना पुष्कळदा कागदावरही येत नाहीत. त्या निवृत्त होणाऱ्या कारागिराबरोबर घरी जातात. दुसरी गोष्ट, ओझरच्या केंद्राला केवळ इतरत्र ठरलेल्या सुधारणा अमलात आणण्याचे काम न देता नव्या आराखड्यांच्या आरंभापासून सहभाग मिळाला पाहिजे. तेजसची बांधणी येथे होणार असेल, तर बांधताना जे दोष आणि ज्या अडचणी कामगाराच्या हाताला जाणवतील, त्या आराखडा करणाऱ्याच्या टेबलावर पोहोचण्यास महिने लागता कामा नयेत. तिसरी गोष्ट नाशिकच्या महाविद्यालयांची आणि तंत्रनिकेतनांची. विमानाचा कारखाना पंचवीस किलोमीटरच्या आत असताना या शहरातील विद्यार्थ्याला विमानविद्या शिकण्यासाठी बाहेरगावी जावे लागता कामा नये.

एक आक्षेप येथे घेतला जाईल. निकडीच्या वेळी जे हाताशी असेल त्याने लढावेच लागते, मग या उपदेशाचा उपयोग काय? आक्षेपात तथ्य आहे. युद्ध आराखड्यांची वाट पाहत नाही. १९४८ साली डाकोटाच्या दारातून बाँब ढकलणाऱ्याला अथवा १९७१ साली आंतोनोव्हचे मागील दार उघडणाऱ्याला दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल. दोष द्यावयाचा तो दोन युद्धांमधल्या वर्षांना. कारण त्या वर्षांत निकड नसते, वेळ असतो. आणि नेमके तेव्हाच आपण मागच्या साहसाच्या कथा सांगण्यात रमतो. मालवाहू विमानांचेही असेच आहे. पूर, भूकंप आणि हिमपातात अडकलेल्या नागरिकांसाठी, सीमेवरील ठाण्यांना धान्य आणि औषधे पोहोचविण्यासाठी त्यांची रोज गरज असते. ऐन वेळी ती शस्त्र म्हणून वापरावी लागली, तर तेवढ्या फेऱ्या रसदीच्या कमी होतात. ती हानी शौर्यकथेत दिसत नाही. आघाडीवर उपाशी राहणाऱ्या ठाण्याला ती दिसते.

जुळवून घेणे हा आपला गुण आहे आणि तो टिकला पाहिजे. मात्र संकटात उपयोगी पडलेली युक्ती संकट टळल्यावर धोरणाची जागा घेऊन बसली, तर पुढच्या संकटाची किंमत वाढत जाते आणि ती चुकविणारे लोक युक्ती करणाऱ्यांपेक्षा वेगळे असतात. तोलोलिंगवर ती चौघांनी चुकविली. ओझरच्या धावपट्टीवरून उडालेल्या तेजसकडे पाहताना टाळ्या जरूर वाजवाव्यात. परंतु त्याच्यानंतरच्या विमानाचा आराखडा कोणाच्या टेबलावर आहे आणि त्या टेबलाशी नाशिकचे किती तरुण बसले आहेत, हेही विचारावे. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार या जिल्ह्याने साठ वर्षांच्या श्रमाने कमावला आहे.